तीस पावलांचा तळ

रूलिंग पेन थांबलं, ते शाई संपली म्हणून नव्हे. शाई होती. इतकी होती की हात थांबल्याबरोबर तिचा एक थेंब ट्रेसिंगच्या कापडावर उतरला आणि रेघेच्या पोटाशी फुगून बसला. फोर्टातल्या त्या कचेरीत भिवाजी सहा वर्षं हेच करत आला होता: दुसऱ्यांनी पेन्सिलीनं काढलेलं शाईनं गिरवायचं. टाक्या, खांब, नळांचे सांधे. आज मात्र एक वाकडी रेघ होती. खाली आडव्या ओळीत नळाची रुंदी मांडलेली, उभ्या ओळीत खर्च. नळ अरुंद घातला तर पाणी ढकलायला पंपाला कोळसा फार लागतो, रुंद घातला तर लोखंड फार लागतं. दोन्ही मिळून ती रेघ आधी उतरत येते आणि मग चढत जाते. हेड ड्राफ्ट्समननी सांगितलं होतं, सगळ्यांत खाली जिथं आहे तिथं तांबडा ठिपका दे. एवढंच काम. आणि भिवाजीला ती जागा सापडेना. डावीकडून पाहिलं तर रेघ उतरताना दिसत होती, उजवीकडून पाहिलं तर चढताना. पण उतरणं जिथं संपतं आणि चढणं जिथं सुरू होतं त्यांच्यामध्ये एक बोटभर पट्टा होता, तिथं ती काहीच करत नव्हती. नुसती पडून होती. हेड ड्राफ्ट्समन मागून येऊन वाकले. थेंबाकडे त्यांनी पाहिलं आणि रागावले नाहीत, हे भिवाजीला आधी कळलंच नाही. म्हणाले, "तळाशी असंच होतं. रेघ आडवी होते. थोडं इकडे काय, थोडं तिकडे काय, फरक पडत नाही. फरक पडायचा थांबला की समजायचं, तळ आला." आणि ब्लेडनं थेंब खरवडायला सांगून ते पुढच्या टेबलाकडे गेले.

फरक पडायचा थांबला की.

हे त्यानं पूर्वी ऐकलं होतं. इंग्रजी शिकलेल्या, चष्मा लावणाऱ्या माणसाच्या तोंडून नव्हे. कडावच्या अलीकडे, शेताच्या कडेनं जाणाऱ्या, त्याच्या वाडीच्या वाटेवर, डोक्यावर हंडा घेतलेल्या बाईच्या तोंडून, आठ वर्षांपूर्वी. शब्द वेगळे होते. ती म्हणाली होती, "मागं किती ऱ्हायली, पुढं किती, त्ये बग." त्या वेळी सगळे हसले होते आणि सगळ्यांबरोबर भिवाजीही हसला होता. आता ब्लेडचं टोक कापडावर टेकवून तो बसून राहिला. सदऱ्याच्या खिशात वाडीवरच्या कोंडाजीचं पोस्टकार्ड होतं, कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं. गेल्या पावसात विहिरीची एक बाजू ढासळली. बाया दुसऱ्या बाजूनं जीव मुठीत धरून पाणी काढतात. लोकल बोर्डाकडून नवी, दगडानं बांधलेली विहीर मंजूर झाली आहे. येत्या नव्हे, त्याच्या पुढच्या सोमवारी ओव्हरसियर येतील. त्यांना जागा दाखवायची. मागे तूच दाखवली होतीस, आताही तूच दाखव, तुझा शब्द कोणी मोडणार नाही. कार्ड तीन दिवस खिशात होतं आणि तीन दिवस त्याचं ओझं वाटलं नव्हतं. जागा तीच, असं त्यानं मनात लिहूनही टाकलं होतं. दगडाची विहीर म्हणजे शंभर वर्षं. एकदा खणली की तिथंच.

मागे त्यानं जागा कशी दाखवली होती ते त्याला फार स्वच्छ आठवत होतं, कारण त्याचा त्याला अभिमान होता. तो नुकताच मॅट्रिक झालेला. वाडीतला पहिला. वाडी म्हणजे नऊ उंबरे, एकाच वाटेवर ओळीनं बसलेले; वाटेला लागून ओहोळ, त्यामुळे कुठंही पंधरा हात खणलं तर पाणी लागायचं, आणि म्हणूनच जागेवरून भांडण. पहिलं दार कोंडाजीचं. ते धरून सात दारं एकमेकांच्या ओसरीतला खोकला ऐकू येईल इतकी जवळ. मग नुसती भाताची खाचरं. लांब आठवं दार चिमाचं, आणि त्याच्याही पलीकडे, वाट जिथं डोंगराकडे वळते तिथं, नववं दार भिवाजीच्या आईचं. सोनाबाईचं. बाप गेल्यावर त्या घरात ती आणि तो, आणि तो मुंबईला गेल्यावर ती. विहिरीच्या जागेसाठी चार बैठका झाल्या आणि चौथीत कोंडाजी म्हणाला की पोराला विचारू. भिवाजीनं बैलगाडीचा नाडा मागितला. नाडा वीस पावलांचा. कोंडाजीच्या उंबऱ्यापासून सोनाबाईच्या उंबऱ्यापर्यंत तो चाळीस वेळा टाकला. चाळीसचे निम्मे वीस. विसाव्या नाड्याच्या टोकाला, भर खाचरांत, जिथं एकही घर नाही तिथं त्यानं खुंटी ठोकली. मध्य. पहिल्या दारापासून चारशे पावलं, शेवटच्या दारापासून चारशे पावलं. कुणाची बाजू घेतली असं कुणी म्हणूच शकणार नाही. कोंडाजी खूश होऊन म्हणाला होता, दोराला काय सोयरं नाय. तेव्हा पाचव्या दारातली मोतीबाई, जी हंडा घेऊन तिथूनच चालली होती, थांबली आणि म्हणाली की दोराला पाणी भरायचं नाही. म्हणाली, एकेका दारापुढून चालत जा. दर वेळी बघ, मागं किती दारं राहिली, पुढं किती. पुढं जास्त असतील तर अजून चाल. सातव्या दारातला गजा लगेच म्हणाला की म्हातारीला चुलीपाशी विहीर पाहिजे. त्यावर सगळे हसले. मोतीबाई हंडा न हलवता मान वळवून भिवाजीकडे बघत राहिली होती, आणि त्याला वाटलं होतं, बिचारीला मध्य म्हणजे काय ते ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. परळच्या खोलीतले इतर पाच जण सकाळीच बाहेर गेले होते. भिवाजीनं कचेरीतून आणलेला चौकटींचा कागद ट्रंकेवर पसरला आणि तळाशी आडवी वाट काढली. शून्यावर कोंडाजी. मग वीस, चाळीस, साठ. नव्वदावर मोतीबाई. एकशेवीसवर धाकलू. दीडशेवर गजा. मग पोकळी. सहाशेवर चिमा. आठशेवर आई. प्रत्येक दारासाठी एक ठिपका, आणि आईचा ठिपका देताना पेन्सिल जरा जड झाली. आता विहीर. ती कुठं ठेवू? शून्यावर ठेवून पाहिली. सगळ्या दारांना किती चालावं लागेल त्याची बेरीज केली आणि त्या बेरजेइतकी उंच एक काठी शून्यावर उभी केली. मग विहीर दहा पावलं सरकवली, पुन्हा बेरीज, पुन्हा काठी. मग वीस. मग तीस. दुपारपर्यंत आडव्या वाटेवर काठ्यांचं रान उभं राहिलं. त्यानं काठ्यांची टोकं एकमेकांना जोडली, मागे सरला, आणि पाहिलं. शाळेत आलेख काढले होते, परीक्षेत त्याचे मार्क मिळाले होते, पण आलेख हा काय पदार्थ आहे हे त्याला आज या घटकेला दिसलं. वाडीत विहीर एकच असते. ती एका जागी असते म्हणून बाकी कुठं नसते. पण या कागदावर सगळ्या विहिरी होत्या. वाटेच्या एकेका पावलावर एकेक, न खणलेली, आणि प्रत्येकीच्या वर तिच्यासाठी बायांना चालावं लागणारं सगळं चालणं उभं. इथं असती तर. तिथं असती तर. आयुष्यात जे एका वेळी एकच होऊ शकतं ते सगळंच्या सगळं एका रेघेवर शेजारी शेजारी बसलं होतं, आणि नुसत्या डोळ्यांनी दिसत होतं की त्यातलं कोणतं खाली आहे. त्याची विहीर चारशेवर होती. तिच्यावरची काठी दोन हजार नऊशे वीस पावलांची. आणि सगळ्यांत खालचं टोक नव्वदावर. पंधराशे पन्नास. जवळजवळ निम्मं. ते टोक कुणाच्या दारावर होतं ते पाहण्यासाठी त्याला कागदाकडे पुन्हा बघावं लागलं नाही.

मागं एक, पुढं आठ.

रेघ वाकडी नव्हती हे त्याच्या मग लक्षात आलं. कचेरीतल्या रेघेसारखी गोलाई तिला कुठंच नव्हती. ती सरळ तुकड्यांची होती, आणि दर दारापाशी मोडत होती. पहिल्या दारापासून दुसऱ्यापर्यंत एकेका पावलाला बेरीज सातानं उतरत होती. सातानंच का? कारण विहीर एक पाऊल पुढं सरकली की पुढच्या आठ दारांचं एकेक पाऊल वाचतं आणि मागच्या एका दाराचं एक वाढतं. आठातून एक गेला, सात. दुसरं दार ओलांडलं की मागं दोन, पुढं सात. पाच. मग तीन. मग एक. मग मोतीबाईचं दार, आणि तिथून पलीकडे मागं पाच, पुढं चार, आणि रेघ चढायला लागते. आधी एकानं, मग तीनानं, गजाचं दार गेलं की पाचानं, खाचरं ओलांडत, चढतच. म्हणजे रेघेचा उतार किती, हे काढायला बेरजांची, काठ्यांची, या कागदाची काहीच गरज नव्हती. वाटेवर उभं राहायचं. मागं किती, पुढं किती. बाई हंडा घेऊन चालता चालता रेघेच्या उतारावर पाय ठेवत होती, रेघ न काढता. तिनं ते कुणाकडून ऐकलं नव्हतं. तिच्या मानेला ते कळलं होतं. भिवाजी उठला, खोलीच्या दारापर्यंत गेला, परत आला. आपण त्या दिवशी हसलो, हे त्याला आठवलं, पण त्यात लाजेपेक्षा दुसरंच काही जास्त होतं; डोंगराखाली उभं राहून वर बघताना मान दुखते तसं काहीतरी.

मग त्यानं एक गोष्ट केली, जी केली नसती तर बरं झालं असतं असं त्याला आठवडाभर वाटत राहिलं. आईचा ठिपका त्यानं रबरानं पुसला आणि आठशेऐवजी दोन हजारांवर दिला. पुन्हा बेरजा, पुन्हा रेघ. सगळी रेघ वर उचलली गेली, पण मोडली पूर्वी मोडत होती तिथंच, आणि खालचं टोक होतं तिथंच, मोतीबाईच्या दारावर. त्यानं आईला कर्जत स्टेशनवर नेऊन ठेवलं. टोक हललं नाही. खंडाळ्याच्या घाटात. नाही. आई कितीही लांब गेली तरी ती पुढच्या चारांतली एक. ती किती लांब आहे, तिच्या गुडघ्यांत किती दम आहे, ती कुणाची आई आहे, हे त्या टोकाला विचारायचंच नव्हतं. किती निर्दय, असं वाटून त्यानं पेन्सिल खाली ठेवली. आणि लगेच त्याला असंही वाटलं की इतकं स्वच्छ आपण आजवर काहीच पाहिलेलं नाही. दोराला सोयरं नाही असं कोंडाजी म्हणाला होता, पण दोराला सोयरं होतं. दोराला पहिलं दार आणि शेवटचं दार एवढी दोनच माणसं माहीत होती. मधली सात त्याच्या लेखी नव्हतीच. आणि शेवटचं दार भिवाजीचं होतं. त्याला ठाऊक नसताना तो आठ वर्षं आपल्या आईच्या बाजूनं उभा होता, आणि सात दारांतल्या बाया रोज अडीचशे, तीनशे, चारशे पावलं त्याची बाजू डोक्यावर वाहत होत्या. आता विहीर नव्वदावर गेली तर आईला चारशेऐवजी सातशे दहा. साठीला आलेली बाई. जायचं सातशे दहा, आणि यायचं सातशे दहा, भरल्या हंड्यानं. कागद खरं बोलला म्हणून मुलानं आपल्या आईला हे सांगायचं. आणखीही एक टोचणी होती. हेड ड्राफ्ट्समन म्हणाले होते, तळाशी रेघ आडवी होते, फरक पडायचा थांबतो. इथं तसं काही नव्हतं. एकानं उतरत आलेली रेघ मोतीबाईच्या उंबऱ्यावर आपटून एकानं चढत होती. निवांत अशी जागा कुठंच नव्हती. काहीतरी चुकलं होतं, आणि ते बेरजेत नव्हतं. बेरजा त्यानं तीनदा तपासल्या होत्या.

पुढच्या रविवारी कर्जतला उतरून, दहिवलीवरून, माघातल्या कोरड्या खाचरांच्या बांधांनी तो वाडीवर पोचला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. विहिरीपाशी एकच बाई होती. त्याची आई. ढासळलेल्या बाजूला पाठ करून ती दोर ओढत होती. त्यानं हंडा घेतला, आणि घरापर्यंतच्या चारशे पावलांत ती एवढंच बोलली की तू वाळलास. जेवताना त्यानं विचारलं की सकाळच्या गारव्यात पाणी का भरत नाहीस. तिनं ताटातल्या भातात बोटानं खळगा केला आणि त्यात कालवण ओतलं. म्हणाली, सकाळी बाया असतात. मग? मग काय. त्याला वाटलं तिथं बोलणं संपलं. पण ती खळग्याकडे बघत म्हणाली, "मी गेली का दोर माज्या हातात देतात रं. आदी तू भर म्हनतात. तुजीच हाय. वाईट कोन बोलत नाय. बाजूला सरून हुब्या ऱ्हातात." भात कालवत म्हणाली, "आठ वर्सं दुपारचीच जाते मी."

भिवाजीनं खिशातला कागद काढला. आठवडाभर त्यानं तिला सांगायची वाक्यं जुळवली होती आणि त्यातलं एकही आता लागलं नाही. त्यानं रेघ दाखवली. खालचं टोक दाखवलं, कुणाचं दार ते सांगितलं, आणि तिची पावलं सांगितली. तिनं कागद उलटा धरला होता. सरळ केला तरी तिला काय दिसलं कोण जाणे. म्हणाली, "मोतीबायला दाखवलास?"

मोतीबाईनं कागद हातातही घेतला नाही. ती ओसरीवर सुपात तांदूळ पाखडत होती. केस पांढरे झाले होते, मान अजून हंड्याखाली असावी तशीच ताठ. भिवाजी म्हणाला की काकी, तू त्या दिवशी सांगितलं होतंस तेच आलं. तिनं सूप न थांबवता विचारलं की मागं किती, पुढं किती आलं. मागं चार, पुढं चार, तुझं दार मधे. तिचा हात थांबला. "कसलं चार?" दारं, तो म्हणाला. नऊ उंबरे. मोतीबाई त्याच्याकडे बघत राहिली, आठ वर्षांपूर्वी बघितलं होतं तशीच, आणि मग हसायला लागली, आणि हसता हसता तिनं पदरानं डोळे टिपले. वाडीत सगळं उंबऱ्यावर चालतं. देवीच्या जत्रेला उंबऱ्यामागे शेर तांदूळ. विहीर खणायला उंबऱ्यामागे एक गडी. बैठकीत उंबऱ्यामागे एक माणूस. मोजायचं म्हटलं की उंबरा मोजायचा, हे भिवाजीच्या हाडात होतं. फोर्टातल्या कचेरीतही ते निघालं नव्हतं. मोतीबाई म्हणाली, "आरं, उंबरा कवा पान्याला जातो काय? डोकी मोज. मीबी तवा दारंच म्हनली, चूक माजीबी हाय. मंग रोज जाता येता मोजली. माज्या दारात दोन, मी न सून. गजाच्या दारात तीन."

तिथंच ओसरीवर बसून त्यानं कागदाच्या पाठीवर पुन्हा मांडलं. एक, एक, दोन, एक, दोन, दोन, तीन, एक, एक. पाण्याला जाणारी चौदा डोकी. पुन्हा काठ्या. मोतीबाई वरून बघत होती, गजा येऊन बसला होता, कोंडाजीला हाक गेली होती. चारशेवरची काठी आता चार हजार तीनशे सत्तरची झाली, आणि ती ऐकून कोंडाजीनं तोंडातला तंबाखू अंगणात जाऊन थुंकला आणि तिथंच पाठमोरा उभा राहिला. रेघ उतरत आली. बारानं, दहानं, सहानं, चारानं. मोतीबाईचं दार. सतराशे पन्नास. भिवाजीनं विहीर दहा पावलं पुढं सरकवली आणि बेरीज केली. सतराशे पन्नास. चुकली असेल म्हणून पुन्हा केली. वीस पावलं. सतराशे पन्नास. तीस पावलं, धाकलूच्या दारापर्यंत. सतराशे पन्नास. आणि मग चढायला लागली. मागं सात डोकी, पुढं सात. त्यानं पेन्सिल त्या तीस पावलांवरून नेली आणि ती कागदावरून गेली पण वर गेली नाही, खाली गेली नाही. ही ती जागा. रेघ पडून होती. नळाच्या रुंदीच्या कागदावर हेड ड्राफ्ट्समनना दिसलेली, आणि इथं, या वाटेवर, पायाखाली, आठ वर्षं, त्याआधी शंभर वर्षं, कुणाला ठाऊक नसताना आडवी पसरलेली. त्याला मोठ्यानं काहीतरी म्हणायचं होतं आणि त्याच्या तोंडून फक्त आकडा आला, सतराशे पन्नास, दोनदा. गजा म्हणाला की याला ऊन लागलं. मोतीबाई म्हणाली, "लगीन करू नको हां इतक्यात. तुज्या दारात दोन डोकी झाली का मोडलं हे."

पण तीस पावलांत कुठं? कोंडाजीनं विचारलं, आणि भिवाजीनं कागद पुन्हा पाहिला. कागद इथं गप्प होता. धाकलूच्या दाराशी खणली तर आईसकट सात डोक्यांची तीस पावलं वाचतील आणि तेवढ्याच डोक्यांची तिकडे वाढतील. कागदाच्या लेखी दोन्ही एकच. पुन्हा आईच्या बाजूला खुंटी ठोकायची? की मुद्दाम तिच्या विरुद्ध, लोकांनी बघावं म्हणून? मोतीबाई म्हणाली की आधी चालून बघ. हे तीस पावलांचं दारोदार सांगायला तिनं सुनेला पिटाळलं, आणि उन्हं कलल्यावर नऊही दारांत बाया हंडे घेऊन उभ्या राहिल्या, काही हसत, काही कुरकुरत. भिवाजी हातात खुंटी घेऊन कोंडाजीच्या उंबऱ्यापासून निघाला. पुढं तेरा. वाट सपाट होती, गाडीच्या चाकोऱ्यांची, पण त्याला ती घाटासारखी उतरती लागली. पाय आपोआप पुढं पडत होते. एकेक दार गेलं की पाठीमागून एकेका हंड्याचं ओझं त्याच्या खांद्याला मागं ओढू लागायचं आणि उतार कमी व्हायचा. मोतीबाई गेली. तिची सून गेली. आणि उतार संपला. तो थांबला. मागं सात. पुढं सात. कुणीच ओढत नव्हतं. त्यानं एक पाऊल टाकलं, आणखी एक, आणि ओढ आली नाही. वारा नव्हता. तेरा बायका त्याच्याकडे बघत होत्या, आणि अगदी लांब, खाचरांच्या पलीकडे, पितळेचा एक ठिपका उन्हात चमकत होता.

तो ठिपका हलला. भिवाजीला आधी भास वाटला. आईला दारात उभं राहायला सांगितलं होतं, आणि ती निघाली होती. डोक्यावर भरलेला हंडा घेऊन, ती वाटेनं येत होती. चिमाच्या दारावरून आली. ढासळलेल्या विहिरीवरून तिकडे न बघता आली. गजाच्या दारातल्या तिघी बाजूला सरल्या. ती धाकलूच्या दाराशी आली, जिथं तीस पावलं सुरू होत होती, आणि भिवाजीच्या हातातली खुंटी आपोआप खाली वाकली, कारण ती इथं थांबणार असं त्याला वाटलं. ती थांबली नाही. दमलेली होती, हंडा हिंदकळत होता, पाणी गालांवरून गळत होतं. ती आणखी तीस पावलं चालली, मोतीबाईच्या उंबऱ्यापर्यंत, आणि तिथं हंडा उतरवून म्हणाली, "हितं."

मोतीबाईनं हंड्याकडे बघितलं. "लांब झाली की गं तुला."

"तीसच पावलं."

मोतीबाईनं कंबर वाकवली, हंडा उचलून डोक्यावर घेतला आणि धाकलूच्या दाराकडे चालू लागली. तिथं ठेवला. सोनाबाई तिच्यामागून गेली, हंडा उचलला, परत मोतीबाईच्या उंबऱ्याकडे निघाली. बायांत कुणीतरी हसलं. गजा म्हणाला की आता विहीर नकोच, या दोघींना अशाच ऱ्हाऊ द्या. मोतीबाईनं वाटेतच हंड्याला हात घातला, आणि दोघी हंडा मधे धरून तुझं माझं करत राहिल्या, आठ वर्षं न बोललेलं सगळं एका दमात, कुणाचं काय ते कुणालाच ऐकू येऊ नये अशा आवाजात. भिवाजीनं कागद उघडला. हंडा तिकडे गेला, आकडा तोच. इकडे आला, तोच. सतराशे पन्नास. देणारी देत होती, दुसरी परत करत होती, आणि एकूणात एक पाऊलही कमी होत नव्हतं, वाढत नव्हतं.

वाटेच्या धुळीत, धाकलूच्या दारापासून मोतीबाईच्या दारापर्यंत, हंड्यातून सांडलेल्या पाण्याची एक ओली रेघ पडली होती. आडवी. तीस पावलांची. भिवाजी गुडघ्यावर बसला आणि त्या रेघेवर कुठंतरी त्यानं खुंटी टेकवली. कुठं, ते कुणी विचारलं नाही.